पासवर्ड बदलला तरी खाते का गेले? कॉम्प्युटरमधल्या माहितीचोराची ओळख

आमच्या ओळखीतल्या एका घरातली ही गोष्ट. अब्बांचे लग्नपत्रिका छापायचे छोटे दुकान आहे. घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर पत्रिकांची डिझाइनही व्हायची आणि मुलाचा बारावीचा अभ्यासही. पत्रिकेसाठी उर्दू टायपिंगचे सॉफ्टवेअर हवे होते, विकत घ्यायचे तर पैसे लागणार. मुलाने व्हिडिओ बघून 'क्रॅक' शोधला. व्हिडिओखाली लिंक होती, झिप फाइलचा पासवर्ड होता आणि एक सूचनाही होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. मुलाने बंद केला, फाइलवर डबल क्लिक केले. काहीच उघडले नाही. 'एरर' आला असे समजून तो विसरून गेला.

दोन दिवसांनी अब्बांच्या ईमेलचा पासवर्ड चालेना. मग मुलाच्या इन्स्टाग्रामवरून नातेवाइकांना मेसेज गेले: हॉस्पिटलमध्ये आहोत, तातडीने पैसे पाठवा. एका खालांनी अठरा हजार पाठवलेसुद्धा. मुलाने घाबरत घाबरत त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. संध्याकाळी खाते पुन्हा गेले.

अब्बा आम्हाला म्हणाले, "सर, कुलूप बदलले तरी चोर आत कसा?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हा चोर नेमका कोण?

याला इन्फोस्टीलर म्हणतात, सरळ मराठीत माहितीचोर. जुने व्हायरस कॉम्प्युटर बिघडवायचे, त्यामुळे ते लगेच कळायचे. माहितीचोर काहीच बिघडवत नाही. कॉम्प्युटर आधीसारखाच चालतो, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

हे प्रोग्रॅम भाड्याने मिळतात. 'लुम्मा' नावाचा माहितीचोर २०२२ पासून रशियन भाषेतल्या गुन्हेगारी अड्ड्यांवर विकला जात होता, भाडे महिन्याला २५० डॉलरपासून पुढे. म्हणजे चोरी करणाऱ्याला स्वतः प्रोग्रॅम लिहिता यायला हवा असेही नाही. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोनच महिन्यांत मायक्रोसॉफ्टला जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरमध्ये लुम्मा सापडला. मे २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने त्याचे सुमारे २३०० वेब-पत्ते बंद पाडण्यात आले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने 'रेडलाइन' आणि 'मेटा' या दोन माहितीचोरांवर कारवाई केली होती. पण एक दुकान बंद झाले की दुसरे उघडते. म्हणून पोलिसांच्या भरवशावर बसून चालणार नाही.

तो आत येतो कसा?

बहुतेक वेळा आपणच त्याला आत घेतो. त्याचे नेहमीचे रस्ते असे:

पहिला रस्ता फुकटच्या 'क्रॅक'चा. महागडे सॉफ्टवेअर, विंडोज किंवा ऑफिसचे अ‍ॅक्टिव्हेटर, गेममध्ये जिंकवून देणारे 'चीट'. झिपला पासवर्ड लावतात, कारण बंद पाकिटाच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही. आणि "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना दिसली, की समजावे पाहुणा चौकीदाराला सुट्टी द्यायला सांगतोय.

दुसरा रस्ता नकली डाउनलोडचा. एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरचे नाव शोधले की सर्वांत वर जाहिरात येते, तिच्यामागे हुबेहूब खऱ्यासारखी साइट असते. "तुमचा ब्राउझर जुना झाला, अपडेट करा" असे मध्येच येणारे पानही त्यातलेच.

तिसरा रस्ता ईमेलचा. बिल, कुरिअर, नोकरीचे पत्र, जाहिरातीचा करार. फाइलचे नाव पीडीएफसारखे, पण शेवटी ईएक्सई किंवा एससीआर ही अक्षरे असतात. विंडोज ही शेवटची अक्षरे सहसा लपवून ठेवते, त्यामुळे प्रोग्रॅम आपल्याला कागद वाटतो.

चौथा रस्ता नवा आणि सगळ्यांत चलाख आहे. एखाद्या साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असे येते. नेहमीच्या चित्रांऐवजी सूचना असतात: विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या साइटने आधीच एक हुकूम गुपचूप कॉपी करून ठेवलेला असतो. आपण तो स्वतःच्या हाताने चिकटवतो आणि चालवतो. कोणतीही खरी साइट असे करायला कधीच सांगत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आत आल्यावर काय करतो?

त्याला जास्त वेळ लागत नाही. काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, काम उरकते. सर्वांत आधी तो ब्राउझर उघडून बसतो: तिथे सेव्ह केलेले पासवर्ड, फॉर्म भरताना साठलेली नावे, पत्ते, कार्डांचे नंबर. मग टेलिग्रामसारख्या अ‍ॅप्सची साठवण. मग डेस्कटॉपवरच्या फाइली. आपल्याकडे आधार, पॅन, पासपोर्टचे स्कॅन आणि 'पासवर्ड' नावाची नोंद तिथेच पडलेली असते! अनेक माहितीचोर स्क्रीनचा फोटोही काढतात. हे सगळे एका गठ्ठ्यात बांधून दूरच्या सर्व्हरवर पाठवले जाते. त्यानंतर काही प्रोग्रॅम स्वतःला पुसून टाकतात, तर काही आणखी दुसरे व्हायरस आणून बसवतात.

या गठ्ठ्याला त्यांच्या धंद्यात 'लॉग' म्हणतात आणि तो बाजारात विकला जातो. 'जेनेसिस' नावाचा असा एक बाजार एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेची एफबीआय आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून बंद केला. तिथे १५ लाखांहून जास्त कॉम्प्युटरमधून चोरलेली माहिती विकायला ठेवली होती. म्हणजे चोरणारा एक, विकत घेणारा दुसरा. म्हणून चोरी आज झाली तरी त्रास दोन दिवसांनी किंवा दोन महिन्यांनीही सुरू होऊ शकतो.

ओटीपी असूनही खाते कसे जाते?

हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायला गेलो की गेटवर चौकशी होते आणि मग व्हिजिटर पास मिळतो. पुढे वॉर्डात कोणी नाव-गाव विचारत नाही, फक्त पास बघतात. इंटरनेटवरही तसेच आहे. आपण पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा लॉग-इन झालो की साइट ब्राउझरमध्ये एक पास ठेवते. त्याला कुकी म्हणतात. म्हणून तर दर वेळी पासवर्ड मागत नाहीत.

माहितीचोर हा पासच उचलून नेतो. तो पास चोराने आपल्या कॉम्प्युटरवर लावला की अनेकदा साइटला वाटते, हे तर आधीचेच पाहुणे. ना पासवर्ड विचारला जातो ना ओटीपी.

हे भल्याभल्यांच्या बाबतीत घडले आहे. मार्च २०२३ मध्ये 'लायनस टेक टिप्स' हे कॅनडातले यूट्यूब चॅनेल असेच हॅक झाले. कॉम्प्युटर हाच ज्यांचा विषय, दीड कोटीच्या वर सबस्क्रायबर, पण एका कर्मचाऱ्याने जाहिरातीच्या कराराची म्हणून आलेली फाइल उघडली आणि चॅनेलचा पास चोरांच्या हाती गेला.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. कुलूप बदलूनही चोर आत राहण्याची कारणे तीन असतात. त्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला आणि चोर अजून तिथेच बसलेला असेल, तर नवा पासवर्डही त्याला मिळतो. दुसरे, जुना पास रद्द केलेला नसतो. तिसरे, चोराने आत शिरल्यावर खात्यात स्वतःचा रिकव्हरी ईमेल किंवा फोन टाकून ठेवलेला असतो. अब्बांच्या खात्यात हा तिसरा प्रकार सापडला.

शंका आली तर या क्रमाने करा

१. कॉम्प्युटरचे इंटरनेट लगेच बंद करा. त्यावर एकही पासवर्ड बदलू नका.

२. मोबाइल किंवा दुसरा साफ कॉम्प्युटर घ्या. सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या ईमेलमध्येच येतात. रिकव्हरी फोन आणि ईमेल तपासा. मग सर्व उपकरणांमधून साइन आउट करा. पास रद्द होतो तो इथे.

३. नंतर बँक, मग सोशल मीडिया. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून सगळी जोडणी काढून टाका.

४. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

५. नातेवाइकांना आणि मित्रांना स्वतः फोन करून सांगा. लाज वाटून गप्प बसलो तर पुढचा बळी आपलाच माणूस असतो.

६. फोटो आणि कागदपत्रे बाजूला काढून विंडोज नव्याने टाकून घ्या. नुसत्या स्कॅनवर भरवसा ठेवू नका.

आधीच काय सांभाळावे?

घरातल्या कॉम्प्युटरवर मुलांसाठी वेगळे, कमी अधिकारांचे खाते करा. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह करू नका, काम झाले की लॉग-आउट व्हा. ओळखपत्रांचे स्कॅन डेस्कटॉपवर उघडे ठेवू नका. विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुना कॉम्प्युटर असेल तर तेही बघा. स्कॉलरशिपचे फॉर्म सायबर कॅफेत भरत असाल तर ब्राउझरची खासगी विंडो वापरा आणि पासवर्ड सेव्ह करायचा प्रश्न आला की 'नको' म्हणा. ओटीपीची सोय मात्र बंद करू नका. ती सगळे चोर अडवत नसली तरी बरेच अडवते.

'क्रॅक'ची गरजही आता तितकी राहिलेली नाही. उर्दू लिहायला विंडोजमध्येच कीबोर्ड आहे, गुगलचा नोतो नस्तालिक उर्दू फाँट मोफत आहे आणि ऑफिसच्या कामासाठी लिब्रेऑफिस आहे. दीनच्या बाजूनेही हा विषय किरकोळ नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनात लेखकाचे आणि संशोधकाचे हक्क शरियतच्या दृष्टीने जपण्याजोगे ठरवले आहेत. फुकटात घेतलेला माल दुसऱ्याच्या हक्काचा असतो, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

शेवटी आमची, शिक्षक म्हणून, एक विनंती. त्या मुलाने नंतर कबूल केले, की फाइल उघडली त्याच रात्री त्याला शंका आली होती. अब्बा रागावतील म्हणून तो दोन दिवस गप्प राहिला. त्या दोन दिवसांत बरेच काही वाचले असते, खालांचे अठरा हजारही. मुलगा "मी काहीतरी चुकीचे उघडले" असे सांगायला आला, तर आधी इंटरनेट बंद करा आणि वरचा क्रम सुरू करा. ओरडायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी. आज ओरडलात, तर पुढच्या वेळी तो सांगायला येणार नाही.