मुलाखत तुमचा मॅनेजर घेणार? मग आधी त्याला तयार करा



धंदा वाढला की मालक एक दिवस मॅनेजरला म्हणतो, "आता माणसं तुम्हीच बघा." मॅनेजर हो म्हणतो. पण मुलाखत कशी घ्यायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मशीनवर बसवण्याआधी आपण माणसाला आठ-पंधरा दिवस शिकवतो. माणूस निवडायचं काम मात्र असंच हातात देतो.

मग काय होतं बघा. "स्वतःबद्दल सांगा", "गाव कुठलं?", "आधीची नोकरी का सोडली?" अशा गप्पा रंगतात. उमेदवार बोलायला चुणचुणीत किंवा आपल्याच भागातला निघाला, की मॅनेजरचं मन तिथेच ठरतं. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये यालाच 'हेलो इफेक्ट' म्हटलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण त्याने तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धीचे आणि नेतृत्वाचे गुणही जास्तच पडलेले दिसले!

"सर, मला माणूस बघितला की कळतो," असं बरेच जण म्हणतात. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा नव्याने हिशेब मांडला. निवडीची पद्धत आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती? ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत. ठरवून घेतलेल्या मुलाखतीला ०.४२ मिळाले, गप्पांच्या मुलाखतीला ०.१९. अनुभवाची नुसती वर्षं मोजली तर जेमतेम ०.०७. म्हणजे शंभर टक्के खात्री कशातच नाही, पण फरक मोठा आहे.

ठरवून घ्यायची म्हणजे काय? समजा, डिस्पॅच सुपरवायझर हवा आहे.

१. आधी काम लिहा. गाडी वेळेत भरणं, चलन आणि ई-वे बिल बिनचूक असणं, ट्रान्सपोर्टरशी बोलणं, हमालांकडून काम करून घेणं. चार-पाच मुद्दे पुरे.

२. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. "गाडी आली नाही तर काय कराल?" असं विचारलं की पुस्तकी उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा, "ऐनवेळी गाडी आली नाही, असं शेवटचं कधी झालं? तुम्ही काय केलं? पुढे काय झालं?" उमेदवार "आम्ही केलं" म्हणाला, तर "त्यात तुमचं काम कोणतं?" हे विचारायचंच.

३. गुण कशाला, ते आधी ठरवा. "ट्रान्सपोर्टरला फोन करत राहिलो" याला १. "दुसरी गाडी शोधली" याला ३. "दुसरी गाडी लावली, गिऱ्हाइकाला वेळेत कळवलं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून व्यवस्था केली" याला ५.

४. थोडं काम करून घ्या. एक बिल आणि एक पॅकिंग लिस्ट द्या. त्यात मुद्दाम दोन चुका ठेवा. दहा मिनिटांत सापडतात का बघा.

५. दोघांनी ऐका, गुण वेगवेगळे लिहा. चर्चा त्यानंतर. आणि मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर सगळे त्याच्याच सुरात सूर मिसळतात.

एक सूचना. "लग्न कधी करणार?", "मुलं लहान आहेत का?" हे प्रश्न बंद. कामाशी त्यांचा संबंध नाही. शिवाय भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे.

आता खरी तालीम. तुमच्याच एखाद्या जुन्या माणसाला उमेदवार म्हणून बसवा. दोन मॅनेजरांनी ऐकून गुण द्यायचे. एकाच उत्तराला एकाने २ आणि दुसऱ्याने ५ दिले, तर दोष उमेदवाराचा नाही, तुमची मोजपट्टी कच्ची आहे. दोघांचे गुण जवळ येईपर्यंत ही तालीम करा.

चुकीचा माणूस घेतला की तो तीन महिन्यांत जातो आणि ते नुकसान आपल्याला दिसतं. पण नीट बोलता आलं नाही म्हणून दारातून परत गेलेला कामाचा माणूस कुठल्याच हिशेबात येत नाही. त्याला एक नोकरी हुकते, आपला एक चांगला हात जातो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: पुढची जी जागा भरायची आहे, तिचे चार मुद्दे आणि चार प्रश्न आजच कागदावर उतरवा. मुलाखतीची तारीख त्यानंतरच द्या.