मुंबई–लंडन: तिकीट कधी, सीट कुठली?

लंडनचं तिकीट काढताय? आधी गूगल फ्लाइट्सवर तारखांचं कॅलेंडर उघडा. दोन-तीन दिवस पुढे-मागे सरकलात तरी भाडं बरंच बदलू शकतं. (इन्कॉग्निटोत शोधलं की स्वस्त मिळतं, यात काही तथ्य नाही!) दुबई, दोहा किंवा अबू धाबीला विमान बदललंत तर थेट विमानापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. फक्त दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढच्या तिकिटाचे पैसे बुडालेच समजा. सर्वांत स्वस्त भाड्यात कधी कधी चेक-इन बॅगच नसते, तेही बघा.

आता क्लास. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच, प्रीमियम इकॉनॉमीत ३८च्या आसपास. गुडघे सुखावतात, पण सीटचा पलंग होत नाही. तो बिझनेसमध्ये. मात्र दिवसाच्या विमानाला बिझनेस म्हणजे माझ्या मते उधळपट्टी! जाताना दिवसाचं विमान इकॉनॉमीत घ्या आणि वाचलेले पैसे लंडनहून रात्री निघणाऱ्या परतीच्या विमानात, वरच्या क्लासवर खर्च करा. चेक-इनच्या आधी अपग्रेडची ऑफर येते का, त्यावरही लक्ष ठेवा.