वास ओळखणारा प्रकाश

वाड्याच्या अंगणांत कल्हईवाल्याचा भाता चालूं झाला, कीं भोंवतीं पोरांचा गराडा पडे. तापलेल्या पातेल्यांत तो नवसागराची चिमूट टाकी, कापसाच्या बोळ्यानें कथील फिरवी, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतांच पुढें सरकलेलीं नाकें झटकन् मागें येत. तो झोंबरा वास मुख्यत्वें अमोनिया वायूचा. नवसागर हा अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा क्षार आहे. उष्णतेनें हे दोघे विलग होतात, आणि थंड हवेंत भेटतांच पुन्हां क्षाराचे सूक्ष्म कण बनून पांढरा धूर दिसूं लागतो. घेरी आलेल्या माणसाला नवसागर व चुना एकत्र चोळून हुंगविण्याची जुनी युक्ति याच वायूवर आधारलेली. वाचकांनीं हा पांढरा धूर ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

अमोनियाची परीक्षा करण्यास आपलें नाक पुरेसें आहे असें वाटतें खरें, पण तो भ्रम आहे. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे निदान पांच भाग असल्यावांचून बहुतेकांस त्याचा वास येत नाहीं; अनेकांना त्याहूनहि पुष्कळ अधिक लागतात. शिवाय वासाच्या जागीं कांहीं वेळ बसलें कीं नाक बधिर होतें. उलटपक्षीं, भारतांत २००९ सालीं हवेच्या शुद्धतेचीं जीं मानकें जाहीर झालीं, त्यांत अमोनियाची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरास १०० मायक्रोग्रॅम ठेविली आहे. म्हणजे दहा लाख भागांत एका भागाचा सुमारें सातवा हिस्सा! नाकाला चाहूल लागेपर्यंत ही मर्यादा तिसांहून अधिक पटींनीं ओलांडलेली असते.

मग हें काम करावें कोणीं? त्याचें उत्तर शोधण्याचा आरंभ १८५९ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें झाला. जॉन टिंडल यानें एक पितळी नळी घेऊन तिच्या दोन्ही तोंडांवर सैंधवाच्या पारदर्शक चकत्या बसविल्या. कांच उष्णतेचे अदृश्य किरण अडविते, सैंधव त्यांना वाट देतें. आपल्या उपासाच्या ताटांतील या पदार्थाचा असाहि उपयोग आहे. नळींत निरनिराळे वायु भरून त्यानें उष्णकिरण आरपार सोडले. प्राणवायु व नत्रवायु यांनीं किरणांना जवळजवळ मुळींच अडविलें नाहीं. अमोनिया मात्र ते भराभर गिळून टाकी. प्रत्येक वायूच्या रेणूची थरथरण्याची रीत वेगळी, आणि त्या थरथरीशीं मेळ बसेल तेवढेच किरण तो शोषितो. अमोनियाच्या रेणूंत हायड्रोजनच्या तीन अणूंच्या तिवईवर नत्राचा एक अणु बसलेला असतो. वाऱ्यानें छत्री उलटावी तशी ही तिवई आंतबाहेर हालते, व त्यासाठीं सुमारें दहा मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण तिला हवे असतात.

साध्या दिव्याच्या प्रकाशांत असंख्य तरंगलांबींची खिचडी असते. त्या गर्दींत एका वायूनें गिळलेला अत्यल्प अंश सांपडणें कठीण. लेसर मात्र जवळजवळ एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतो. येथें विज्ञानाच्या इतिहासांतील एक गमतीची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लेसरचा वडील भाऊ जो मेसर, तो चार्ल्स टाउन्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं कोलंबिया विद्यापीठांत चालवून दाखविला, तो अमोनियाच्याच रेणूंवर. पुढें १९६० सालीं थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडींतून पहिला लेसर किरण काढला. अमोनियाच्या आवडीच्या दीर्घ किरणांसाठीं सोयीचा असा क्वांटम कॅस्केड लेसर १९९४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला. ज्या वायूच्या मांडीवर हें घराणें वाढलें, त्याच्याच मागावर आतां तें फिरत आहे!

उपकरणाची रीत अशी: लेसरमधील विद्युत्प्रवाह किंचित् कमीजास्त केला कीं त्याची तरंगलांबीहि किंचित् सरकते. ती अमोनियाच्या नेमक्या जागेवरून जातांना प्रकाश जेवढा उणा पडेल, त्यावरून वायूचें प्रमाण निघतें. वायु फारच थोडा असेल तर वाट लांब करावी लागते. समोरासमोर दोन आरसे अर्ध्या मीटरवर ठेवले आणि ते शेंकडा ९९.९९ भाग प्रकाश परतवीत असले, तर आंत घोटाळणारा किरण सुमारें पांच किलोमीटर हिंडून मंदावतो. अशा युक्तींनीं अब्ज भागांत एक भाग अमोनियाहि ओळखूं येतो. एक अब्ज सेकंद म्हणजे एकतीस वर्षांहून अधिक काळ. त्यांतला एक सेकंद हुडकावा तसें हें आहे. दुसऱ्या एका प्रकारांत तर वायु पाहत नाहींत, ऐकतात. थांबून थांबून पडणाऱ्या प्रकाशानें पदार्थांतून ध्वनि निघतो हें ग्रॅहॅम बेल यानें १८८० सालीं दाखविलें होतें. २००२ पासून तो क्षीण ध्वनि टिपण्यासाठीं मनगटी घड्याळांतला क्वार्ट्झचा इवलासा चिमटा वापरूं लागले आहेत.

अमोनिया तसा मोठा चिकट पाहुणा. नळीच्या भिंतींना व ओलाव्याला तो बिलगतो, आणि यंत्रांत उशिरां पोंचतो किंवा मागाहून सुटून खोटा आंकडा दाखवितो. म्हणून कित्येक ठिकाणीं नळीच वगळून किरण उघड्या हवेंतून सोडतात. ज्या शीतगृहांत अमोनियानें गारवा उत्पन्न करतात, तेथें हें फार मोलाचें; दहा लाखांत तीनशें भाग म्हणजे जीवावरचाच प्रसंग.

आतां तो पांढरा धूर. कृत्रिम उपग्रहांनीं पृथ्वीचे उष्णकिरण तपासून अमोनियाचे जे नकाशे काढले, त्यांत गंगायमुनेचें खोरें जगांतील अत्यंत दाट पट्ट्यांपैकीं एक म्हणून उठून दिसतें. युरिया खत आणि गुरांचें शेणमूत हीं त्याचीं मोठीं कारणें. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे; पण जें नत्र उडून जातें तें त्याच्याच पदरचें असतें. हिंवाळ्यांत हा अमोनिया धुरांतील आम्लांशीं मिळून सूक्ष्म कण घडवितो. मद्रास येथील आय.आय.टी.च्या पुढाकारानें झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, दिल्लीच्या दाट धुक्याला हायड्रोक्लोरिक आम्ल व अमोनिया यांच्या संयोगाचा मोठा हातभार लागतो असें दिसून आलें. हा संयोग म्हणजे आपला नवसागरच! कल्हईवाल्याच्या पातेल्यांतला लोट संबंध राजधानीवर पसरलेला.

याच किरणाची दुसरी वाट रुग्णाच्या श्वासाकडे जाते. मूत्रपिंडें थकलीं कीं रक्तांत युरिया सांचतो व श्वासांत अमोनिया वाढतो. डायलिसिस चालूं असतां तो उतरत जातो, हें प्रयोगांत आढळलें आहे. सुई न टोंचतां नुसत्या फुंकरीवरून उपचार कितपत लागूं पडला तें कळलें, तर घरोघरच्या रुग्णांना केवढा दिलासा! परंतु तोंडांतील जंतु लाळेंतल्या युरियापासून स्वतःच अमोनिया बनवितात, आणि फुफ्फुसांतला कोणता व जिभेवरचा कोणता हें लेसरला सांगतां येत नाहीं. म्हणून नाकावाटें सोडलेला श्वास व तोंडावाटें सोडलेला श्वास निरनिराळे मोजून पाहतात. तूर्त रक्त तपासण्याची सुई कांहीं टळलेली नाहीं.