पिशवीतला मासा

साकीनाक्याहून कुर्ला जवळ. त्यामुळे एखाद्या रविवारी रूममधल्या कुणालातरी हुक्की येते आणि कुर्ल्याच्या दुकानातून दोन गोल्डफिश येतात. अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये पिशवी हिंदकळत राहते. गुरुवारी एक मासा उलटा तरंगतो आणि सगळे म्हणतात, "इथलं पाणीच खराब!" नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला मारतं हे खरं. पण पुष्कळदा तो आधीच खचलेला असतो, जाळीत आणि पिशवीत.

जाळी अंगाला लागली की काही सेकंदांत त्याच्या रक्तात अॅड्रिनलिन उतरतं. मागोमाग काही मिनिटांत कॉर्टिसॉल. हो, तेच, जे व्हायव्हाच्या आधी आपल्यातही वाढतं. थोडा वेळ वाढलं तर फायद्याचंच, कारण रक्तात साखर येते आणि पळायला ताकद मिळते. पण पकडणं, पिशवी, प्रवास, नवी टाकी असे धक्के एकामागून एक बसले की ते खाली यायला वावच मिळत नाही. मग प्रतिकारशक्ती ढासळते. त्यात जाळीने घासून अंगावरचा बुळबुळीत थर निघालेला असतो, म्हणजे जंतूंना दार उघडंच! पांढरे ठिपके किंवा बुरशी दिसते ती काही दिवसांनी, आणि तोवर जाळी कुणाच्या लक्षातही नसते.

पण मासा खरंच धास्तावतो का? त्याला विचारणार कसं? यासाठी शास्त्रज्ञ झेब्राफिश वापरतात. हा चट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा मूळचा आपल्याच भागातला, भारत-बांगलादेशच्या ओढ्यांतला. अनोळखी टाकीत सोडला की तो आधी तळ गाठतो आणि धीर आला की वर येतो. वर यायला जितका उशीर, तितकी धास्ती जास्त. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही झेब्राफिश १५ मिनिटं जाळीत कोंडले आणि मग थंड ते गरम अशा कप्प्यांच्या टाकीत सोडले. ते जास्त वेळ गरम पाण्यात जाऊन राहिले, आणि त्यांच्या अंगाचं तापमान २ ते ४ अंशांनी चढलं. म्हणजे धास्तीने ताप! त्यांना आपल्यासारखंच वाटतं असं यावरून म्हणता येणार नाही, पण "त्याला काय कळतंय" असंही मला आता म्हणवत नाही.

ज्यांचं पोट माशांवर आहे ते लोक हे जाणून असतात. रोहू-कटल्याची बोटुकली लांब पाठवायची तर आधी उपाशी ठेवतात. पोट रिकामं, म्हणजे पिशवीत अमोनिया कमी. आपल्या मेट्रो-१ च्या दुसऱ्या टोकाला, वर्सोव्याला, १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे माशाचं शरीर कसं चालतं हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे.

आता फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. त्यामुळे अमोनिया बराचसा अमोनियम आयनच्या रूपात राहतो, आणि तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. म्हणून प्रवास लांबला असेल तर पिशवी उघडून तासभर बघत बसू नका. आधी बंद पिशवीच टाकीत १५-२० मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा आणि मासा लगेच टाकीत घ्या, पिशवीतलं पाणी मात्र नको. जाळीपेक्षा वाटी बरी, म्हणजे तो पाण्याबाहेर येत नाही. हवेत कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्या एकमेकींना चिकटतात आणि श्वासच अडतो.

त्या दिवशी टाकीवरचा दिवा बंद ठेवा आणि खायला घालू नका. काचेवर टकटक तर नकोच, अख्खा मजला मासे बघायला आला तरी.