दारू सोडविणारी गोळी

ह्या गोळीचा गुण आधी कामगारांच्या अंगावर दिसला. रबर पक्के करणाऱ्या रसायनांत काम करणाऱ्यांना थोडीही दारू सोसत नाही, असे अमेरिकेतील एका कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांनी १९३७ साली नोंदविले. १९४८ मध्ये डेन्मार्कात हाल्ड व याकोबसेन यांनी त्यांतल्याच डायसल्फिरामचे औषध केले.

ही गोळी ओढ मारीत नाही. पोटात गेलेल्या दारूचे यकृतात आधी एक विषारी द्रव्य बनते व मग ते विरते. ते विरणेच गोळी अडविते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते, रक्तदाब उतरतो. म्हणून नवऱ्याच्या नकळत भाजीत गोळी कालविणे, मग ते शेगावात असो की मुंबईत, जिवाशी खेळ आहे. आयाबहिणींची अगतिकता मी जाणतो, तरीही नाही.

त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, घरच्यांच्या हातून दिली तर गुण येतो. डॉ. अविनाश व ॲलन डिसूझा यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या १०० पुरुषांवरील चाचणीत वर्षाअखेर डायसल्फिराम घेणारे शेकडा ८६, तर नाल्ट्रेक्सोन घेणारे ४४ दारूपासून दूर होते. ओढ मात्र नाल्ट्रेक्सोननेच अधिक घटली. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर आकडीही येते. त्याला आधी इस्पितळात न्यावे. आणि गोळी मुकादमाच्या हाती कधीही देऊ नये.