शिरूर कासारकडील जुनीं थडगीं : कालनिर्णयाची एक अडचण

सिंदफणेकांठच्या शिरूर कासारकडील पूर्वजांचीं थडगीं शोधून देण्याविषयीं आम्हांस विचारणा होते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे असल्यानें सरकारी कागदांत फसली सन येतो. त्यांत ५९०-९१ मिळवितां इसवी सन निघतो. थडग्यावर मात्र हिजरी सन. तेथें नुसते ६२२ मिळवूं नयेत. हें वर्ष चांद्र, सुमारें ११ दिवसांनीं तोकडें. औरंगजेब हि. १११८ मध्यें वारला. बेरजेनें १७४० येतें, खरें साल १७०७. तेहतीस वर्षें म्हणजे एक पिढी. बापाचें थडगें मुलाचें ठरतें! कलमदान कोरलेलें थडगें बहुधा पुरुषाचें, तख्तीचें स्त्रीचें. वीरगळाखालीं मात्र देह शोधूं नये. तें स्मारक, खालून वर वाचावें: तळाशीं रण, मध्यें अप्सरा, शिरीं लिंगपूजा. शेंदुरानें तें बुजलें असल्यास गांवकऱ्यांच्या अनुज्ञेवांचून खरवडूं नये.