कांदा हुंगवल्याने फेफरे थांबते का?

प्रार्थनेच्या रांगेत एखादा मुलगा ताठ होऊन कोसळतो. हातपाय झडू लागतात, तोंडाला फेस येतो. कोणी कांदा आणायला धावतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो. एक-दोन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. पण बहुतेक झटके काही न करताही तेवढ्याच वेळात थांबतात. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला मेंदूत डोकवावे लागेल.

मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. ग्लुटामेट हे रसायन त्यांना चेतवते, गॅबा त्यांना आवरते. हा तोल ढळला, की असंख्य पेशी एकाच तालात चेतू लागतात. वर्गातली कुजबुज थांबून सगळी मुले एका सुरात ओरडू लागावीत, तसेच हे. ही खळबळ हात हलवणाऱ्या भागापुरती राहिली तर फक्त हात झडतो. साऱ्या मेंदूत पसरली तर शुद्ध हरपते. या धुमश्चक्रीतच अॅडिनोसिनसारखी द्रव्ये साचतात आणि पेशींना शांत करतात. वासाचा येथे काहीच संबंध नाही.

तोल ढळतो कशाने? डोक्याला मार, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, गाठ, रक्तातली साखर एकदम उतरणे, अशी कारणे अनेक. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. ती बहुधा निरुपद्रवी असते. आपल्या देशात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात गेलेल्या पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. सांडपाण्यावर वाढलेली भाजी नीट न धुता खाल्ली, तर ती कोणाच्याही पोटात जातात आणि अळ्या मेंदूत पोचून तेथे त्यांच्या गाठी होतात. म्हणजे मांसाला न शिवणाराही यातून सुटत नाही! मात्र सुमारे निम्म्या रुग्णांत नेमके कारण सापडतच नाही. बाहेरची बाधा मानायचे तर मुळीच कारण नाही. सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके योग्य औषधांनी आटोक्यात येऊ शकतात.

झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, दप्तर-बाक दूर सारावेत. हातपाय दाबून धरू नयेत, दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये. घड्याळ मात्र पाहावे. पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका आला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती न पडणाऱ्या मुलांची. फळ्याकडे पाहता पाहता मूल दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहते, पापण्या फडफडतात आणि ते पुन्हा लिहू लागते. दिवसातून असे अनेकदा घडते. मधली वाक्ये त्याने ऐकलेलीच नसतात. आपण मात्र ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून त्याला उभे करतो. साधी तंद्री हाक मारल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर मोडते, ही मोडत नाही. असे दिसले, तर वेळा टिपून ठेवून पालकांना व डॉक्टरांना कळवावे.